वरच्या शेतातले पाणी



आमच्या अणदूरच्या पंचक्रोशीत मुलांना माती अडवायला आणि पाणी जिरवायला शिकवावे, याबद्दल आता दुमत राहिलेले नाही. १९७२चा दुष्काळ माझ्या पिढीने भोगला. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी न्यावे लागले, ते आजच्या मुलांच्या आईबापांनी पाहिले. प्रश्न उरतो तो वेगळाच. हे काम कशासाठी करायचे म्हणून मुलांना सांगावे? लाभासाठी, की धर्म म्हणून?

हा प्रश्न मुलेच उभा करतात. वर्गात दोन पसरट डबे घेतात. एकात नुसती माती, दुसऱ्यात गवत उगवलेली माती. दोन्ही तिरपे ठेवून झारीने पाणी घातले की पहिल्यातून गढूळ लोंढा येतो, दुसऱ्यातून निवळ पाणी सावकाश झरते. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तरी १०,००० लिटर पाणी होते, हा हिशेब ती फळ्यावर मांडतात. इथवर सारे पटते. मग एखादा हात वर करतो, “आमचं रान माळावर आहे. आम्ही चर खणला तर पाणी खालच्याच्या विहिरीला लागंल. मग आम्हाला काय?”

माउली, या प्रश्नाला हसू नका. पाणलोटाचे काम माथ्याकडून पायथ्याकडे करत यायचे असते. म्हणजे घाम वरच्याचा आणि पाझर बहुतेक खालच्याला.

काही जण म्हणतील, लाभ दाखवल्याशिवाय कुदळ कोण उचलणार? हा आक्षेप खोटा नाही, आणि लाभ आहेही. उताराला आडवा बांध घातला की माती जागेवर राहते, ओल टिकते. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात आणि एका वळवाच्या पावसात ती ओढ्याला जाते. मातीचे मोल आपल्याच जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांना ठाऊक होते. मातीच तुडवत त्यांनी नाम घेतले. म्हणून मुलाला सांगावे, राखलेली माती तुझी. पण जिरलेले पाणीही तुलाच मिळेल, असे खोटे आश्वासन देऊ नये. लाभाच्या बोलीवर खणलेला चर, लाभ दिसेना की बुजतो.

इथे नाथबाबांची कथा आठवावी. काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. आपण त्याला भूतदया म्हणतो आणि पुढे जातो. जरा थांबा. नाथांच्या डोळ्यांसमोर तो जीव तडफडत होता. माळावर चर खणणाऱ्या पोराला मात्र कोणाची तहान भागणार, ते दिसतही नाही. न दिसणाऱ्याला पाणी पाजणे ही अधिक अवघड भूतदया आहे, आणि तीच मुलांना शिकवायची आहे.

तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? आषाढीच्या आधी पावसाने ओढ दिली की उजनी धरणातून भीमेत पाणी सोडतात. तेव्हा कुठे चंद्रभागेत आपले स्नान होते. पंढरीच्या वाळवंटात प्रत्येक वारकरी हा खालचाच शेतकरी असतो. वरच्याने पाणी सोडले म्हणून आपली वारी ओली होते. आपण घेणारे आहोत, म्हणून आपल्याला देणे चुकवता येत नाही.

मात्र नुसत्या दयेने गाव चालत नाही. त्याला नेम लागतो. आमचा खंडोबाराया पाहा. देव एक आणि गावे दोन. सव्वादहा महिने तो अणदूरला असतो, पावणेदोन महिने नळदुर्गाजवळच्या मैलारपूरला, आणि देव नेताना दोन्हीकडची मंडळी करार करतात. ज्यांना देव वाटून घेता येतो, त्यांना ओढा का वाटून घेता येऊ नये? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने तसे करून दाखवले. किती पाऊस झाला ते मोजायचे, त्यावरून ग्रामसभेत पिके ठरवायची, सिंचनासाठी बोअर घ्यायची नाही, असे निर्बंध गावाने स्वतःवर घातले.

आता मोठ्यांशी बोलतो. राज्याच्या २००९च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल उपशाला आळा घातला आहे. तरी उन्हाळ्यात पाचशे फुटांची बोअर घेणारे गावोगाव आहेत. मुलगा दिवसभर शाळेबरोबर माळावर चर खणतो आणि रात्री घरामागे बोअरच्या गाडीचा आवाज ऐकतो. त्याने काय समजावे? जिरवणे हे शाळेचे आणि उपसणे हे घरचे, हेच ना? कीर्तनातही हाच अनुभव येतो. श्रोते पद ऐकतात, पण बुवा घरी कसा वागतो तेच लक्षात ठेवतात. मुले तर त्याहून बारकाईने पाहतात.

म्हणून एक विनंती. कोजागिरी झाली की, रब्बीची पेरणी ठरवण्याआधी, तुमच्या दिंडीतल्या चार जणांनी शाळेच्या मुलांबरोबर गावच्या विहिरींवर जावे. मुलांनी दोरीला गाठी मारून पाण्याची पातळी मोजावी आणि आकडे देवळाच्या फळ्यावर लिहावेत. मग वरच्या आणि खालच्या रानांचे धनी त्या फळ्यासमोर एकत्र बसोत आणि यंदा कोणते पीक घ्यायचे ते मुलांच्या देखत ठरवोत.

राम कृष्ण हरी.