दुसऱ्या लेकीचे नाव



येत्या २४ जूनला आपण संत योहान बाप्तिस्ता यांचा जन्मोत्सव साजरा करणार आहोत. ख्रिस्तसभा संतांचे सण बहुधा त्यांच्या मृत्युदिनी पाळते. जन्मदिवस साजरे होतात ते फक्त तिघांचे: प्रभू येशू, पवित्र मरिया आणि योहान. त्या दिवशीच्या शुभवर्तमानात बाळाच्या जन्माइतकेच, किंबहुना थोडे अधिकच महत्त्व त्याच्या नावाला दिलेले आहे. त्या निमित्ताने एका प्रश्नाचा आपण विचार करू या. बाप्तिस्म्याची तारीख ठरवायला येणारी अनेक जोडपी तो आमच्यासमोर मांडतात.

प्रश्न असा. पहिली मुलगी झाली तेव्हा आईवडिलांनी आपल्या आवडीचे, आधुनिक, कानाला गोड लागणारे नाव ठेवले. आता दुसरी मुलगी झाली आहे. घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, "पहिलीच्या वेळी तुमच्या मनासारखे झाले. हिला तरी आपल्यातले जुने नाव ठेवा. आजीचे ठेवा." आईला वाटते, शाळेत मुले हसतील. वडिलांना दोन्हीकडून ओढ. मग ते धर्मगुरूंना विचारतात, "फादर, काय करावे?"

वरवर पाहता हा घरगुती मामला आहे. पण त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे: नाव कोणाचे असते? देणाऱ्याचे, घराण्याचे, की त्या बाळाचे?

शेजाऱ्यांचा आग्रह

संत लूकने सांगितलेला प्रसंग पाहा. आठव्या दिवशी नातलग आणि शेजारी जमले. बाळाला बापाचेच, म्हणजे जखऱ्या हेच नाव द्यायचे त्यांनी ठरवूनही टाकले होते. आई एलिझाबेथ मध्ये पडली आणि म्हणाली, याचे नाव योहान. त्यावर त्यांची हरकत काय होती? तुमच्या नात्यागोत्यात या नावाचे कोणी नाही! दोन हजार वर्षे झाली, बारशाच्या घरातली हरकत बदललेली नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. आईने स्पष्ट सांगितले तरी लोकांचे समाधान झाले नाही. त्यांनी मुक्या बापाला खुणांनी विचारले. जखऱ्याने पाटी मागवून आईने सांगितलेलेच नाव लिहिले आणि त्याची जीभ मोकळी झाली. पत्नीच्या शब्दाला त्याने दुजोरा दिला आणि त्यानंतर त्याच्या तोंडी पहिले शब्द आले ते देवाच्या स्तुतीचे. योहान या नावाचा अर्थच 'प्रभू कृपाळू आहे' असा आहे.

यावरून शुभवर्तमान जुन्या नावांच्या विरुद्ध आहे असे कोणी समजू नये. योहान हे नावही यहुदी परंपरेतलेच होते. बाळाचे नाव ठरवताना नातलगांची सवय हा शेवटचा निकष नसतो, एवढाच याचा बोध.

नाव म्हणजे काय?

तत्त्वज्ञांनीही या प्रश्नावर पुष्कळ विचार केला आहे. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ साली असे मत मांडले की विशेषनाम केवळ व्यक्तीकडे बोट दाखवते, ते तिच्या गुणांविषयी काही सांगत नाही. आपली म्हण तेच हसत हसत सांगते: नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. पुढे सोल क्रिप्की या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७० साली प्रिन्स्टन येथील व्याख्यानांत यात मोलाची भर घातली. ते म्हणाले की नाव एकदा दिले जाते आणि मग एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी अशा साखळीने पुढे जात राहते. त्या पहिल्या नामकरणाला त्यांनी शब्द वापरला तो बाप्तिस्मा! क्रिप्की ख्रिस्ती नव्हते, ते यहुदी होते. तरीही त्यांना हाच शब्द चपखल वाटला.

तेव्हा नाव ही हातातून हातात देण्याची वस्तू आहे. बाळाला मिळणारा तो पहिला वारसा. आणि वारसा म्हटला की दोन प्रश्न आलेच. त्यात काय दिले? आणि कोणत्या हेतूने दिले?

जुन्या नावाची बाजू

आधी आजीची बाजू ऐकू या, कारण ती सहसा नीट ऐकली जात नाही. महाराष्ट्रात माणसाच्या नावामागे वडिलांचे नाव आणि आडनाव लागते. आजोबांचे नाव निदान मुलाच्या नावाला जोडून एक पिढी टिकते. आजीचे नाव कागदावर कुठे उरते? कित्येक घरांत तर लग्नाच्या दिवशी मुलीचे माहेरचे नावही बदलले जाई. माहेरची मनकर्णिका सासरी लक्ष्मी झाली आणि लक्ष्मीबाई टिळक म्हणूनच आपण सारे त्यांना ओळखतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत वडिलांच्या आधी आईचे नाव घालण्याचा नियम महाराष्ट्र शासनाने केला, हे चांगलेच झाले. आपल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आईवडील दोघांचीही नावे लिहिण्याचा नियम आहे. त्या जुन्या वह्या चाळताना आना, कात्रीन, दुमिंगा, इसाबेल अशा नावांच्या रांगा दिसतात. यातील कित्येक स्त्रियांची आठवण सांगणारी दुसरी ओळ जगात कुठेही लिहिलेली नसेल. नातीला आजीचे नाव देणे हे म्हणूनच केवळ भाबडेपण नव्हे. त्यात एक प्रकारचा न्याय आहे.

मात्र 'आपल्यातले जुने नाव' म्हणताना किती जुने, हेही पाहिले पाहिजे. वसई १५३४ साली पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ साली मराठ्यांनी ती जिंकली. आपली दुमिंगा आणि इसाबेल ही नावे त्या दोनशे वर्षांत आली. त्याआधीच्या आपल्या पणज्यांची नावे या मातीतलीच होती. आशा, करुणा, ज्योती ही नावे ठेवणारे परंपरा मोडत नाहीत. ते तिच्या आणखी जुन्या थराला हात घालतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ख्रिस्तसभेनेही ही वाट मोकळी केली. १९१७ च्या धर्मनियम संहितेत बाळाला ख्रिस्ती नाव मिळेल याची काळजी धर्मगुरूंनी घ्यावी असे होते. १९८३ ची संहिता एवढेच सांगते की ख्रिस्ती भावनेला परके असलेले नाव देऊ नये.

कधी कधी तर भांडणाचे कारणच उरत नाही. एस्परांस या पोर्तुगीज नावाचा अर्थ आशा. दुमिंगा म्हणजे प्रभूच्या दिवसाची, रविवारची. एस्परांस आजीच्या नातीचे नाव आशा ठेवले तर आजीही राहते आणि नातही शाळेत सुखाने राहते. विश्वास, आशा आणि प्रीती या तीन सद्गुणांपैकी एक तिच्या पदरात पडतो, तो वेगळाच.

परंपरा ओझे होते तेव्हा

आता दुसरी बाजू. नाव जुने आहे एवढ्याने ते पवित्र होत नाही. आपल्या महाराष्ट्रात मुलींचे एक पारंपरिक नाव होते, नकुशी. म्हणजे नको असलेली. मुलीच्या पाठीवर मुलगी झाली की हे नाव ठेवायचे, म्हणजे पुढचा मुलगा होईल, अशी समजूत. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात जाहीर समारंभात अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. या आकड्यांत कुठल्याच समाजाने आपले हात स्वच्छ आहेत असे गृहीत धरू नये.

जुन्या करारात होशेय संदेष्ट्याचे दुसरे अपत्य मुलगी होती. तिचे नाव लो-रुहामा, म्हणजे जिच्यावर दया झाली नाही ती. इस्राएलच्या पापाची खूण म्हणून ते नाव होते. पण कथा तिथे संपत नाही. पुढे देव स्वतःच त्यातला नकार काढून टाकतो आणि 'दया पावलेली' एवढेच नाव शिल्लक राहते. राहेलचेही तसेच. बाळंतपणात प्राण सोडताना तिने मुलाचे नाव 'माझ्या दुःखाचा पुत्र' असे ठेवले. याकोबाचे तिच्यावर जिवापाड प्रेम होते, पण त्याने ते नाव राहू दिले नाही. त्याने मुलाला बन्यामीन म्हटले, उजव्या हाताचा पुत्र. आईचे दुःख खरे होते, मात्र ते बाळाने जन्मभर वाहावे असे बापाला वाटले नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. पहिली बेटी धनाची पेटी, असे आपण कौतुकाने म्हणतो. दुसऱ्या बेटीसाठी आपल्याकडे म्हण नाही. पहिलीचे नाव शोधायला चार महिने, पुस्तके, फोन, चर्चा. दुसरीचे नाव म्हणजे सासर-माहेरची तडजोड, असे होते का? पहिलीला आवडीने दिले आणि दुसरीला हिशेब चुकता करण्यासाठी दिले, तर नाव कितीही पवित्र असो, त्या मुलीला ते एक दिवस कळते. लहान मुले अशा गोष्टी फार लवकर ओळखतात. म्हणून आमच्या मते या प्रश्नाचे मर्म नाव जुने की नवे, यात नाही. ते नाव तिला भेट म्हणून मिळाले की वसुली म्हणून, यात आहे.

एका नावाचा प्रवास

भेट म्हणून मिळालेले जुने नाव माणसाला बांधत नाही, याचे एक उदाहरण ख्रिस्तसभेच्या इतिहासात आहे. १५१५ साली स्पेनमध्ये एका मुलीला तिच्या आईच्या आईचे नाव मिळाले, तेरेजा. आजी इतिहासाला फारशी ठाऊक नाही. नात आविलाची संत तेरेजा झाली. तिने कार्मेल संघात सुधारणा केली, प्रार्थनेवर ग्रंथ लिहिले आणि १९७० साली तिला ख्रिस्तसभेची आचार्य घोषित करण्यात आले. १८७३ साली फ्रान्समध्ये मार्टिन कुटुंबात नववे अपत्य जन्मले. त्या घरात तेरेजा नावाची एक मुलगी आधीच, १८७० साली, दोन महिन्यांचीही न होता वारली होती. आईवडिलांनी नव्या बाळालाही तेच नाव दिले. ही लिझ्यूची तेरेजा मठाच्या चार भिंतींत राहून चोविसाव्या वर्षी गेली आणि १९९७ मध्ये तीही आचार्य ठरली. पुढे अल्बेनियन वंशाच्या एका तरुण धर्मभगिनीने लिझ्यूच्या तेरेजाचे नाव घेतले आणि ती कोलकात्याच्या रस्त्यांवर उतरली. तिला आपण मदर तेरेसा म्हणतो. २०१६ साली ती संत झाली.

नाव एकच, पण एक ग्रंथ लिहिणारी, एक लपून राहणारी, एक रस्त्यावरच्या मरणाऱ्यांना उचलणारी. कोणी कोणाची नक्कल केली नाही. आजीचे नाव नातीला देताना आपणही एवढेच म्हणायचे असते: हे घे, आणि याचे तुझे तू काहीतरी कर.

तीन प्रश्न

तेव्हा नाव ठरवण्यापूर्वी आईवडिलांनी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवतो.

पहिला: या नावाची सारी कहाणी ती दहा वर्षांची झाल्यावर तिच्या डोळ्यांत पाहून आपण सांगू शकू का? जे सांगायला लाज वाटेल, ते ठेवू नये.

दुसरा: थोरलीच्या नावासाठी जेवढा जीव लावला, तेवढाच धाकटीसाठी लावला का? नावे वेगळ्या धाटणीची असली तरी चालतील. प्रेमात उणेअधिक नको.

तिसरा: बाळाच्या आईला विचारले का? एलिझाबेथला विचारायचे लोक विसरले होते. आपण विसरू नये.

आणि आजी-आजोबांना एक नम्र विनंती. आपले नाव नातीला मिळावे ही इच्छा गैर नाही, ती बोलून दाखवा. पण तिला अट घालू नका. नाव मिळाले नाही तरी आपल्या मांडीवर बसून ती आपल्या गोष्टी ऐकेल. नावाची साखळी तुटली तरी ती साखळी तुटणार नाही.

बाप्तिस्म्याच्या विधीत चर्चच्या दाराशी आम्ही आईवडिलांना पहिल्यांदा बाळाचे नावच विचारतो. विश्वासाची, तेलाची, पाण्याची पाळी त्यानंतर येते. त्या नावाने देव तिला हाक मारणार असतो. प्रकटीकरणाच्या पुस्तकात म्हटले आहे की शेवटी प्रत्येकाला पांढऱ्या खड्यावर कोरलेले एक नवे नाव मिळेल आणि ते ज्याचे त्यालाच ठाऊक असेल. म्हणजे आपण देतो ते नाव शेवटचे नाही. आपण फक्त हाक सुरू करून देतो. ती हाक प्रेमाची असावी, एवढे मात्र आपल्या हाती आहे.

या वर्षी ज्यांच्या घरी लेक आली आहे, पहिली असो, दुसरी असो की चौथी, त्या सर्वांचे धर्मग्रामाच्या वतीने मनःपूर्वक अभिनंदन. प्रभू तिला आणि तिच्या नावाला आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू