दारी आलेला भिक्षेकरी

आमच्या शाहूपुरीतल्या घराच्या फाटकावर कृष्णकमळाचा वेल आहे. फूल सगळ्यांच्या ओळखीचं. भोवतीचे जांभळे तंतू म्हणजे कौरव, आतले पाच पुंकेसर म्हणजे पांडव, आणि वरची तीन टोकं म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश. हा वेल मूळचा अमेरिकेतला. तिकडच्या ख्रिस्ती धर्मप्रसारकांना याच तंतूंत येशूचा काटेरी मुकुट दिसला आणि तीन टोकांत क्रुसाचे खिळे. ज्याचा जसा भाव! दत्तभक्ताला तिथं त्रिमूर्तीच दिसणार. म्हणून दर गुरुवारी पहिलं फूल महाराजांना, हा आमच्या घरचा नेम.

गेल्या पावसाळ्यात वेलावर काटेरी सुरवंट पडले. आठ दिवसांत पानांची चाळण झाली, कळ्या धरेनात. शेजारी म्हणाले, "काका, औषध मारा की! वेल जाईल हातचा." सौ. म्हणाली, "अहो, देवाच्या फुलासाठी जीव मारायचे?" फवारणीचा पंप हातात घेऊन मी तसाच उभा राहिलो.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले 24 गुरू सांगतो. त्यांत पृथ्वी आहे, तशी मधमाशी आहे, कोळी आहे, कुंभारीण माशीही आहे. आपण ज्याला किडामुंगी म्हणून झटकतो, त्याच्याकडून अवधूत शिकला.

दत्तप्रभू रोज भिक्षेला करवीरात येतात, ही आपली श्रद्धा. मग भिक्षेकरी कोणत्या रूपात येईल, हे कोणी सांगावं? या सुरवंटाचं पोट याच वेलाच्या पानांवर. म्हणून तर फुलपाखरू तिथं अंडी घालतं. मला मात्र फुलाऐवजी तुळस होती.

शेतकऱ्यानं पिकावर फवारू नये, असं मी म्हणणार नाही. त्याच्या घरच्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. माझा प्रश्न नेमाचा होता, आणि खरं सांगायचं तर थोडा मिरवण्याचाही. देवळात लोक 'काकांचं कृष्णकमळ' म्हणायचे, ते कानाला गोड लागायचं.

पंप ठेवून दिला. चार गुरुवार तुळशीपत्र वाहिलं. पुढे काळ्या ठिपक्यांची नारिंगी फुलपाखरं अंगणात उडाली आणि वेलाला पुन्हा पालवी फुटली. नसती फुटली तर? इथं मन अजून अडखळतं. पण एवढं कळलं, की नको असलेलं देणं ही भिक्षा नव्हे. आपल्याला हवं असलेलं हातून सुटतं, तेव्हाच ती झोळीत पडते.

श्रीगुरुदेव दत्त!