बांध आणि ममत्व

स्थितप्रज्ञ आणि भक्त 'निर्मम' असतो, हे गीता दुसऱ्या, तिसऱ्या, बाराव्या व अठराव्या अध्यायांत सांगते. यावर संसारी मनुष्य विचारील, "मग शेताला बांध घालणे हेही पाप समजावयाचे काय?" प्रश्न टाकाऊ नाही. मेर नसेल तर ज्याच्या मनगटात बळ त्याची जमीन, असे व्हावयाचे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचे उंच माळरान आहे. त्यावर दगडमातीचे बुटके बांध कोसच्या कोस सरळ गेलेले दिसतात. तेथील लोक त्यांस 'रीव्ह' म्हणतात. एकोणिसाव्या शतकातील काही विद्वानांस ते जुने रस्ते वाटले होते. १९७० नंतरच्या दशकात अँड्र्यू फ्लेमिंग यांनी दाखवून दिले की, हे इसवी सनापूर्वी सुमारे १५०० च्या वेळचे, कांस्ययुगातील शेतांचे बांध होत. टेकडी आडवी येवो की डार्ट नदीची खोल दरी, समांतर रेषा दिशा न सोडता पलीकडे जातात. मधून मधून गोल घरांचे दगडी पाये आहेत. एकट्या रिपन टॉर भोवतालची आखणी ३००० हेक्टरांहून मोठी आहे.

आता विचार करा. एका लोभी कुटुंबाकडून एवढी आखणी होणे नाही. नदीच्या दोन्ही तीरांवरील माणसांनी ती मानल्याविना ती टिकली नसती. शिवाय वरच्या अंगास एक आडवा बांध येऊन शेते संपतात, आणि त्यापलीकडील कुरण सर्वांचे सामाईक होते, असे फ्लेमिंग यांचे मत. हे सारे एखाद्या बलिष्ठ नायकाच्या हुकुमानेही झाले असेल, अशी शंका घेता येते, आणि ती मी नाकारीत नाही. दगड अंतःकरण उघडून दाखवीत नाहीत.

याउलट आठव्या शतकात मर्सियाचा राजा ऑफा याने वेल्सच्या सीमेवर घातलेला बांध पाहा. त्याचा खंदक बहुतेक ठिकाणी वेल्सच्या बाजूस आहे. माती तीच, भाव निराळा! तेथे पलीकडचा मनुष्य शेजारी नव्हे, शत्रू आहे. दुर्योधनाचे दुःख तरी सीमा नव्हती हे कोठे होते? पांडवांचीही काही सीमा असावी, हे त्यास सोसवले नाही.

मेर दोघांची असते. 'माझे' मात्र एकट्याचे असते. गीतेने सोडावयास सांगितले ते हे दुसरे.

इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास ती शेते ओस पडली. काही ठिकाणी मध्ययुगातील शेतकऱ्यांनी आपल्या भिंती त्याच बांधांवर रचल्या. उंचावरील माळ आजही सामाईक चराईचा आहे; त्यासाठी १९८५ साली स्वतंत्र कायदा झाला.