आधी घरचं, पण कुठवर?

निफाड तालुक्यातलं एक शेत. चाळीत उन्हाळ कांदा भरणं चाललं आहे. आत्या नाशिकच्या सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेली, भाचा कांदेवाला.

"डिसेंबर २०२३ ला निर्यात बंद केली ना, आत्या, तेव्हा शेतात लाल कांदा. तो काय असा चाळीत टिकतो? लासलगावला भाव धाडकन पडले. शहराची भाजी स्वस्त व्हावी म्हणून आमचा बळी!"

"आणि मार्च २०२१ मध्ये पुण्याच्या सीरमची कोरोनाची लस देशाबाहेर जायची थांबली, तेव्हा?"

"बरं झालं म्हणालो. आजही म्हणेन. एप्रिलात नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळून माणसं गेली. त्या नाशिकनं बाहेरच्या देशांची काळजी करायची?"

"त्याच एप्रिलात सीरमचे पूनावाला अमेरिकेला विनवत होते, लशीच्या कच्च्या मालावरची निर्यातबंदी उठवा म्हणून. अमेरिकाही 'आधी घरचं'च म्हणत होती. त्यांचा तो आप्पलपोटेपणा आणि आपलं ते शहाणपण?"

"त्यांनी माणसांच्या कितीतरी पट डोस आधीच बुक करून ठेवले होते. आपल्याकडे होतं काय?"

मुद्दा बिनतोड होता. आत्यानंही तो मान्य केला, पण विषय सोडला नाही.

"एप्रिलचं सोड. कोव्हॅक्स योजनेतून गरीब देशांना लस मिळायची, तिची मोठी भिस्त सीरमवर. घानाला पहिले सहा लाख डोस पुण्याहूनच गेले होते. मग सगळं ठप्प. इथे दवाखान्यात आम्ही लशीची कुपी फोडली की दहा डोस, चार तासांत संपवायचे. म्हणून दहा माणसं जमेपर्यंत फोडायचोच नाही. त्या दहांत म्हातारं कोण, आजारी कोण, एवढंच बघायचं; कोण कुठला ते नाही."

"आमच्या आरोग्य केंद्रात मात्र नाशिकची पोरं स्लॉट घेऊन गाड्या काढून यायची आणि आमचे म्हातारे ओट्यावर ताटकळत!"

"राग आला ना? पोरं शहरातली होती म्हणून, की सत्तरीतल्यांच्या आधी त्यांचा नंबर लागला म्हणून?"

"दोन्हीचा."

"बरं. १७ सप्टेंबर २०२१ ला देशात एका दिवसात अडीच कोटी डोस दिले. त्यात धडधाकट पोरं किती असतील! निर्यात तेव्हाही बंदच. नोव्हेंबर संपत आला तरी आफ्रिकेत चार आरोग्य कर्मचाऱ्यांत जेमतेम एकाचे दोन्ही डोस झाले होते. आता सांग, ओट्यावर कोण होतं?"

"पण तिसऱ्या लाटेची भीती होती. पोरांनो थांबा, असं कोणता मंत्री म्हणेल? मतं आपण देतो, घाना देत नाही."

"शहरातल्या मतांसाठीच तुझा कांदा अडला."

भाच्यानं पाटी चाळीत उपडी केली. "मग बंदी घालतानाच ती कधी उठणार ते लिहून टाकायचं. म्हातारे आणि दवाखान्यातले झाले की लस बाहेर सोडायची."

"आणि कांद्याला काय लिहायचं?"

"कांद्याला बंदीच नको!"