कापलेले आणि ताणलेले

परळी तालुक्यातील सिरसाळा हे परळीहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. अशा गावात मोबाइलमधले छायाचित्र कागदावर उतरवण्याची वेळ मुख्यतः लग्न, सरकारी अर्ज आणि मृत्यू या प्रसंगी येते, आणि यांपैकी शेवटच्या प्रसंगी एक जुना तात्त्विक प्रश्न अगदी व्यावहारिक रूपात समोर उभा राहतो. दिवंगत व्यक्तीचे छायाचित्र दहाव्याच्या आत फ्रेममध्ये बसवून हवे असते. उपलब्ध छायाचित्राचे गुणोत्तर, म्हणजे त्याच्या लांब बाजूचे आखूड बाजूशी असलेले प्रमाण, बहुधा 4:3 असते, तर दुकानात तयार मिळणारी फ्रेम 8 बाय 12 किंवा 12 बाय 18 इंचांची, म्हणजे 3:2 गुणोत्तराची असते. हे दोन आयत एकमेकांवर बसत नाहीत. बसवायचे तर चित्र कापावे लागते, ताणावे लागते, नाहीतर ते पूर्ण ठेवून कडेला पांढरी पट्टी सोडावी लागते. प्रतिमेशी प्रामाणिक राहायचे असेल तर यांतले काय करावे, हा येथे विचाराचा विषय आहे.

हिशेब साधा आहे. 4000 बाय 3000 पिक्सेलचे, म्हणजे तितक्या सूक्ष्म ठिपक्यांचे, उभे छायाचित्र 3:2 च्या फ्रेमसाठी कापले, तर रुंदीतील 3000 ठिपक्यांपैकी सुमारे 2667 उरतात आणि नववा हिस्सा जातो. एकट्या व्यक्तीच्या चित्रात तो बहुधा मागच्या भिंतीचाच असतो. याउलट मोठ्या कॅमेऱ्याने काढलेला 3:2 चा आडवा समूहफोटो 8 बाय 10 च्या फ्रेममध्ये घालायचा झाल्यास रुंदीचा सहावा हिस्सा, म्हणजे दोन्ही टोकांकडून बारावा-बारावा हिस्सा, कमी होतो, आणि रांगेच्या टोकाला भिंत नसून माणूस उभा असतो.

कापणे म्हणजे प्रतिमेची हानी, असा आक्षेप येथे सहज सुचतो. पण तो फार टिकत नाही, कारण जिला ‘मूळ’ म्हटले जाते ती प्रतिमाही आधीच कापलेली असते. कॅमेऱ्याचे भिंग आत जे बिंब पाडते ते वर्तुळाकार असते आणि त्या वर्तुळातून आयत घेण्याचे काम संवेदक किंवा फिल्म करते. शिवाय तो आयत 3:2 चाच का, याचे कारण निसर्गात नसून इतिहासात सापडते: जर्मनीत ऑस्कर बार्नाक यांनी चित्रपटाची फिल्म वापरणारा छोटा कॅमेरा घडवताना 18 बाय 24 मिलिमीटरची चित्रपटातील चौकट दुप्पट करून 24 बाय 36 ची केली आणि 1925 मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने ते माप रूढ केले. 4:3 चे मूळ त्याच जुन्या चित्रपट-चौकटीत आहे. म्हणून फ्रेमच्या मापाला धर्माज्ञेचे स्थान देणे जितके चुकीचे, तितकेच मोबाइलने दिलेल्या आयताला पूर्ण सत्य मानणेही चुकीचे ठरते.

न दिसणे आणि नसणे यांतला भेद भारतीय मूर्तिशास्त्राला चांगला ठाऊक आहे. आगमग्रंथांनुसार मानुष लिंगाचे, म्हणजे माणसाने घडवून स्थापलेल्या शिवलिंगाचे, तीन भाग असतात: तळाचा चौकोनी ब्रह्मभाग, मधला अष्टकोनी विष्णुभाग आणि वरचा गोल रुद्रभाग. स्थापनेनंतर पहिले दोन भाग जमिनीत आणि पीठात जातात, पूजा होते ती केवळ रुद्रभागाची, आणि तरीही आपण अर्धवट देवाची पूजा करतो असे कोणा भाविकाला वाटत नाही. (सिरसाळ्याच्याच तालुक्यातील परळीच्या वैजनाथाला महाराष्ट्रातील परंपरा ज्योतिर्लिंग आणि म्हणून स्वयंभू मानते, स्वयंभू लिंगाला ही मापे लागू होत नाहीत, हेही सांगितले पाहिजे.) झाकलेला भाग दिसणाऱ्या भागाला खोटे पाडत नाही. कापलेल्या छायाचित्राचेही तसेच आहे: जे उरते ते होते तसेच उरते.

ताणण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. संगणकावर चित्राची कड धरून ते फ्रेमच्या मापापर्यंत ओढले की कडेचे काहीच जात नाही, सगळी माणसे शाबूत राहतात, आणि म्हणूनच हा मार्ग अनेकांना उदार वाटतो. चौकाचौकांतले वाढदिवसाचे फ्लेक्स या उदारतेची साक्ष देतात. पण ताणण्याने काय बिघडते हे जुन्या मूर्तिमापांवरून कळते. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेतील प्रतिमालक्षणाच्या अध्यायात मुख बारा अंगुळे लांब आणि बारा अंगुळे रुंद असावे असे सांगितले, परंतु हे अंगुळ बाहेरच्या मोजपट्टीचे नसून त्या प्रतिमेचे स्वतःचे असते, म्हणजे तिच्याच उंचीचे समान भाग पाडून मिळवलेले असते. मूर्ती वीतभर असो की पुरुषभर, माप तिच्या आतूनच येते. 4:3 चे उभे चित्र ताणून 3:2 केले की उंची रुंदीच्या मानाने साडेबारा टक्क्यांनी वाढते आणि बारा अंगुळांचे मुख साडेतेरा अंगुळांचे होते. त्याच ठिकाणी वराहमिहिर नग्नजित या पूर्वीच्या आचार्याचे मतही नोंदवतो, ज्यात मुखाची लांबी चौदा अंगुळे असून ते माप द्राविड म्हटले आहे. तेव्हा एका ओढीसरशी मराठवाड्याचा चेहरा निम्म्याहून अधिक दक्षिणेला जातो, असे गमतीने म्हणता येईल. यात एक बारकावाही आहे: चेहरा आणि देह दोन्ही एकाच पटीने वाढत असल्याने देहाची उंची मुखाच्या नऊपट असावी हा नवतालाचा नियम मोडत नाही आणि केवळ उंची मोजणाऱ्याला दोष सापडत नाही, बिघडते ते उंची-रुंदीचे नाते, आणि ते घरच्या माणसांच्या डोळ्यांना तत्काळ खुपते. न्यायशास्त्र अशा ज्ञानाला विपर्यय म्हणते, म्हणजे वस्तू जशी नाही तशी ती जाणणे. कापण्याने ज्ञान अपुरे राहते, ताणण्याने ते चुकते.

तरीही अपुरेपणाला सरसकट माफी देता येत नाही. जैन दर्शनात वस्तूच्या अनेक धर्मांपैकी एकच धर्म लक्षात घेणाऱ्या दृष्टीला नय म्हणतात, आणि तीच दृष्टी इतर धर्म नाकारू लागली की तिचा दुर्नय होतो. बाराव्या शतकात हेमचंद्राने हा भेद विधानांच्या घडणीतूनच दाखवला: ‘असेच आहे’ हा दुर्नय, ‘असे आहे’ हा नय आणि ‘एका अपेक्षेने असे आहे’ हे प्रमाण. समूहफोटोतून दिवंगताचा चेहरा वेगळा काढून केलेले श्रद्धांजलीचे चित्र हा नय आहे, कारण तो फोटो संपूर्ण कुटुंबाचा आहे असा दावा कोणी करत नाही. पण लग्नातला कुटुंबाचा फोटो म्हणून भिंतीवर लावायच्या प्रिंटमधून टोकाची माणसे फ्रेमच्या मापापायी गेली, तर उरलेली चौकट ‘कुटुंब एवढेच आहे’ असे म्हणू लागते. टोकाला सहसा उभे राहते कोण, तर मागून बोलावलेली विधवा आत्या, ऊसतोडीहून उशिरा परतलेला धाकटा भाऊ, घरच्यासारखा पण घरचा नसलेला सालगडी. मध्यभाग राखून दोन्ही कडा समान कापणारे यंत्र निःपक्षपाती दिसते, परंतु मध्ये कोणी उभे राहायचे हे फोटो काढण्यापूर्वीच मानपानाने ठरवलेले असते आणि यंत्र तो निर्णय फक्त अमलात आणते. कापणे निर्दोष ठरते ते कोणती कड जाणार हे पाहून कापले तरच, आणि ते पाहण्याची जबाबदारी प्रिंट काढणाऱ्याइतकीच काढून घेणाऱ्याचीही आहे.

तिसरा मार्ग, पांढरी पट्टी, सत्याच्या दृष्टीने सर्वांत निर्मळ आणि तरीही सर्वांत नावडता आहे. पट्टी दिसली की पैसे पूर्ण फ्रेमचे आणि फोटो अर्ध्या फ्रेमचा असे वाटते. मग आशयाला साजेसे मापच शोधता येईल, आणि ते धाडस याच बीड जिल्ह्यात एकदा झाले होते: अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (1551–1615) पंचीकरण, म्हणजे पाच महाभूतांच्या मिश्रणातून देह आणि सृष्टी कशी घडते याचा विचार, सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद पासोडीवर, म्हणजे कापडी पांघरुणावर, लिहून काढला. प्रत्येकाला पासोडी परवडत नाही, आणि त्याची गरजही नाही. लॅबमधला कागद रोलच्या रूपात येतो. 6 इंची रोलची रुंदी ठरलेली असली तरी किती लांबीवर कापायचे ते यंत्राला सांगता येते, आणि 4.5 बाय 6 इंचांचा प्रिंट 4:3 चे चित्र काहीही न कापता सामावून घेतो. घोडे अडते ते अल्बमच्या 4 बाय 6 च्या खिशापाशी. 12 बाय 18 च्या फ्रेमसाठी तेच चित्र 12 बाय 16 मध्ये पूर्ण बसते आणि खाली 2 इंच उरतात. श्रद्धांजलीच्या फोटोत तेथे नाव, जन्म आणि मृत्यूची तारीख लिहितात, आणि मग ती पट्टी कोणालाच रिकामी वाटत नाही.