फळ्यावरची चूक, ग्रुपवरची चूक

समाजमाध्यमं वर्गात कशी वापरावीत याचं प्रशिक्षण आता आडवाटेच्या शाळांपर्यंत पोचलं आहे. ग्रुप काढणं, व्हिडिओ टाकणं, लिंक पाठवणं हे तर २०२० च्या टाळेबंदीनंच बहुतेक शिक्षकांना शिकवलं. त्या साधनासोबत एक नैतिक प्रश्नही वर्गात आला, त्याला मात्र प्रशिक्षणात तास नसतो. तिसरीतल्या मुलीच्या वहीचं एक पान घ्या. तिनं ‘पाणी’तल्या ‘णी’ला ऱ्हस्व वेलांटी दिली आहे, बाईंनी लाल शाईनं गोल केला आहे आणि सगळ्यांनाच कळावं म्हणून पानाचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकला आहे. हेतू निर्मळ आहे. पण ग्रुपला जोडलेले नंबर घरच्या मोठ्यांच्या फोनचे, त्यामुळे तो फोटो वर्गमैत्रिणींच्या आधी त्यांचे वडील, काका, मोठे भाऊ पाहतात. शिकणाऱ्याचं न येणं कुणाकुणाच्या नजरेस पडावं, हा तो प्रश्न.

तत्त्वज्ञानाला तो नवा नाही. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिस लिखित शब्दावर आक्षेप घेतो तो असा, की लिहिलेलं कुणाच्याही हाती पडतं. कुणाशी बोलावं आणि कुणापुढे गप्प बसावं हे त्याला कळत नाही. प्लेटोनं हे लिहूनच ठेवलं आहे, म्हणजे आक्षेपानं लेखन बाद होत नाही, त्याची मर्यादा तेवढी कळते. आपल्याकडे प्रश्नोपनिषदात सहा जण शंका घेऊन पिप्पलाद ऋषींकडे येतात. ऋषी सांगतात, आधी वर्षभर इथे राहा, मग हवं ते विचारा, आम्हाला ठाऊक असेल तर सांगू. विचारणं म्हणजे आपल्याला कळत नाही हे उघड करणं, आणि त्याआधी सहवास हवा, असा हा क्रम आहे. शिवाय ‘ठाऊक असेल तर’ म्हणून गुरूनं स्वतःचंही न कळणं मोकळेपणी मान्य केलं आहे. समाजमाध्यमावर हा क्रम उलटा होतो. आधी दाखवायचं, पाहणारे कोण हे नंतर कळतं, पुष्कळदा कळतही नाही.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की त्या सहवासाची दारं बहुतेकांना बंदच होती. स्त्रिया आणि शूद्रातिशूद्र त्याच्या बाहेर राहिले. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली ती ही कोंडी फोडण्यासाठी, आणि त्यापायी सावित्रीबाईंनी अंगावर शेण-दगड झेलले. मग जे माध्यम पाड्यावरच्या मुलापर्यंत धडा नेतं, त्याला मर्यादेच्या नावाखाली अडवणं हाही त्या जुन्या बंदीचाच प्रकार नव्हे का? या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याचा पुरावाही जवळच आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, त्यातून कविता, व्हिडिओ, गोष्टी मुलांच्या घरी पोचवल्या. पुढे राज्याच्या पुस्तकांतही असे कोड आले. २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्या कोडांतून खुला झाला तो धडा. कुणा मुलाचं अडखळणं नाही. जुन्या व्यवस्थेनं ज्ञान कोंडून ठेवलं हा तिचा अपराध होता. आज ज्ञान मोकळं करण्याच्या भरात पोराचं अज्ञानही चव्हाट्यावर आणलं जातं, हा वेगळा अन्याय आहे, आणि पहिल्याची भरपाई म्हणून दुसरा खपवून घेता येत नाही.

कुणी म्हणेल, फळ्याशी उभं राहून चुकणारं मूलही सगळ्यांसमोरच चुकतं, पोरं हसतातही. खरं आहे. पण फळ्यासमोर बसलेले सगळे स्वतः शिकत असतात. आज हसणारा उद्या आठाच्या पाढ्यात अडकतो आणि फिटंफाट होते. बाई डस्टर फिरवतात आणि चूक नाहीशी होते. ग्रुपवर पाहणाऱ्याची स्वतःची कसलीच परीक्षा नसते. तो फोटो पुढे धाडतो आणि त्यावर बाईंचा ताबा राहत नाही. मुलगी दुसऱ्या दिवशी ‘पाणी’ बिनचूक लिहू लागते, तरी काकांच्या फोनमध्ये ती चुकलेलीच राहते. शिकणं म्हणजे कालच्यापेक्षा आज वेगळं होणं असेल, तर कालचं जपून ठेवणारी जागा त्याच्या आड येते. नियम सगळ्यांना सांगायचाच तर बाईंनी स्वतःच्या अक्षरात शब्द लिहून त्याचा फोटो टाकावा. काम तेवढंच होतं.

मुलं नाहीतरी त्या माध्यमांवर आहेतच, तेव्हा शिक्षकांनीही तिथे जाऊन त्यांना वळण लावावं, असंही म्हटलं जातं. जावं. मात्र तिथलं शिक्षकाचं वागणं हाच मग धडा होतो. आठवीतल्या मुलाचा फोटो टाकण्याआधी ‘टाकू का?’ असं त्यालाच विचारावं, आणि तो ‘नको’ म्हणाला तर ते मानावं. कायदा इथवर येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली, २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली. दोन्ही हवेच होते. पण संमती आईवडील देतात आणि लाज मुलाला वाटते. त्या लाजेच्या वतीनं सही करण्याचा अधिकार पालकांना कुठून आला?

सगळा दोष शिक्षकांच्या माथी मारणं मात्र अन्यायाचं होईल. वृक्षारोपण असो, पोषण आहार असो की वाचनाचा तास, वरून फोटो मागितले जातात, आणि फोटो नसेल तर काम झालंच नाही असं धरलं जातं. ज्याला स्वतःचं काम रोज दाखवून सिद्ध करावं लागतं, त्याला मुलाची वहीही दाखवण्याची वस्तू वाटू लागते. म्हणून सुरुवात वरूनच व्हायला हवी. मुलांचे चेहरे आणि वह्या नसलेला, दोन ओळींचा लेखी अहवाल पुरेसा मानला, तर फोन बाजूला ठेवून मुलांकडे बघायला शिक्षकाला तेवढीच उसंत मिळेल.