वाघोबा: दैवत आणि भय यांच्या शिवेवर

यानागिता कुनिओ यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या 'तोनो मोनोगातारी' या संकलनापासून जपानी लोकसाहित्याच्या अभ्यासाला आधुनिक वळण मिळाले. नदी-डोहांतील 'काप्पा'सारख्या 'योकाईं'ना, म्हणजे गूढ व भयप्रद सत्त्वांना, यानागितांनी पदभ्रष्ट दैवते मानले. कोमात्सु काझुहिको यांनी पुढे ही एकरेषीय उपपत्ती नाकारली. ज्याची पूजा होते ते दैवत, जे पूजेवाचून राहते ते योकाई. एकच सत्त्व या दोन अवस्थांत ये-जा करू शकते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. भेद सत्त्वाच्या स्वरूपात नसून माणसाने त्याच्याशी जोडलेल्या वा तोडलेल्या नात्यात असेल, तर एक नैतिक प्रश्न उद्भवतो: श्रद्धा मावळल्यावर तिच्यातून आलेले कर्तव्यही मावळते काय?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी समाज ज्याला भजतो, त्या वाघोबाच्या संदर्भात हा प्रश्न मूर्त होतो. शेंदूर माखलेला दगड, आश्विन वद्य द्वादशीची वाघबारस, त्या दिवशी गुराख्यांनी दाखविलेला नैवेद्य, ही या नात्याची दृश्य रूपे होत. बोलीत बिबट्यालाही वाघच म्हटले जाते. त्यामुळे दैवत आणि जनावर यांत काटेकोर अंतर राहत नाही. वाघोबा राखणदार आहे, तसाच भयंकरही. त्याला बांधून घेण्यासाठी माणसाला आधी स्वतःला बांधून घ्यावे लागते.

कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर पूर्वेकडे ऊस वाढला आणि बिबट्या त्या उसात वसला. तेथे त्याची ओळख 'उपद्रवी जनावर' एवढीच उरली. पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, त्यानंतर जुन्नर परिसरात माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. शीव ओळखणाऱ्या प्राण्याची शीवच काढून घेतली गेली होती.

यावरून जुन्या श्रद्धेचा गौरव करणे मात्र सोपे आणि म्हणूनच संशयास्पद आहे. वाघोबाने मृत्यू टाळला नाही. शिवाय 'नवस चुकला' या स्पष्टीकरणात एक क्रौर्य दडलेले आहे: मूल गमावलेल्या आईच्या दुःखावर ते अपराधाचाही भार टाकते. शासकीय भरपाई या बाबतीत निःसंशय अधिक न्याय्य ठरते. कारण गरीब मेंढपाळाची हानी ती समाजाच्या खांद्यावर घेते. दैवताचा वाटा म्हणून शेळी सोडून देण्याचे औदार्य, एकच शेळी असलेल्याकडून मागण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तथापि भरपाई केवळ झालेल्या हानीची मोजदाद करते. उद्याच्या वर्तनाविषयी ती मौन पाळते. श्रद्धेने दिलेले कारण असत्य ठरले, तरी तिने घातलेली मर्यादा त्यामुळे असत्य ठरत नाही, कारण मर्यादा हे विधान नसून वचन असते. कोमात्सुंच्या परिभाषेत बोलायचे, तर पूजा थांबल्याने वाघोबा योकाई झाला, पण बिबट्या होता तेथेच आहे. त्याच्या शेजारी कसे राहावे, याचे उत्तर आता दैवताला न विचारता द्यावे लागेल. ते उत्तर ठरविताना पहिला अधिकार उसाच्या बांधावर ज्यांची मुले खेळतात त्यांचा असला पाहिजे. दुरून निसर्गप्रेम व्यक्त करणाऱ्यांचा नव्हे.